अर्ध्यावर राहिलेले हात

माझी वहिनी माझ्या झेरॉक्सच्या दुकानामागच्या खोलीत जपानी शिकवते. त्या खोलीत आधी माझे कागदाचे गठ्ठे असायचे. आता तिथे नऊ खुर्च्या, एक फळा आणि खिडकीच्या गजावर वाळत घातलेलं फळा पुसायचं फडकं असतं. गठ्ठे पुढे काउंटरखाली आलेत, त्यामुळे मला पाय पसरून बसता येत नाही. हे मी तिला दिवसातून एकदा तरी ऐकवतेच. ती म्हणते, "वन्सं, एवढ्यात पाय पसरायचं वय झालं का तुमचं?" एरवी मला अगंतुगं करणारी ही बाई चिडवायचं असलं की मला वन्सं म्हणते आणि अहोजाहो करते.

मी तिची आरती ओवाळायला बसलेय असं समजू नका. ती हट्टी आहे, वाटेत कुणी भेटलं की तिला घरी यायला तास लागतो, आणि माझी नेलेली कात्री तिने आजवर एकदाही जागेवर ठेवलेली नाही. पण दोन वर्षं तिच्या शेजारी बसून मी एक काम होताना पाहिलं. तेव्हापासून ती समोर आली की मी मनातल्या मनात उठून उभी राहते. हे तिला सांगितलेलं नाही. इथे लिहिते, कारण माझ्या दुकानातले कागद ती कधी वाचत नाही.

दादाशी लग्न झालं तेव्हा वहिनी एका कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होती. यंत्रांचे सुटे भाग बनवणारा कारखाना, आणि वर्षातले सहा महिने तिथे जपानी इंजिनियर मुक्कामाला. त्यांचे फोन जोडून देता देता ही त्यांचं बोलणं ऐकायची. फोन उचलताना काय म्हणतात, ठेवताना काय म्हणतात, साहेब चिडलेला असला तर आवाज कुठे खाली जातो. पहिले शंभर-सव्वाशे शब्द ती नुसत्या कानाने शिकली, लिहायला येण्याच्या कितीतरी आधी. मग एकामागून एक परीक्षा दिल्या. एक तर सातव्या महिन्यात दिली, आणि आमचा दादा परीक्षा केंद्राच्या फाटकाबाहेर पाण्याची बाटली घेऊन तीन तास उभा होता. बाटली आत न्यायची परवानगी होती, हे त्याला संध्याकाळी कळलं.

पुढे कारखान्यातलं टेलिफोनचं काम बंद झालं आणि वहिनी एका मोठ्या संस्थेत शिकवायला लागली. बावीस वर्षं शिकवलं. तिच्या वर्गातली मुलं-मुली जपानमधल्या वृद्धाश्रमांत काळजीवाहक म्हणून कामाला जायची. म्हाताऱ्यांना उठवणं, भरवणं, आंघोळ घालणं, औषधांच्या वेळा सांभाळणं. वीस-बावीस वर्षांची पोरं, घरापासून कधी लांब न गेलेली. त्यांना आठ-दहा महिन्यांत परक्या भाषेत उभं करायचं म्हणजे खायचं काम नव्हे.

वहिनीने त्यांना ऑपरेटरची शिस्त लावली. समोरून सूचना आली की उत्तर ताबडतोब गेलं पाहिजे. उशीर झाला की समोरचा फोन ठेवतो, असं ती म्हणायची. तिच्या वर्गात ती जपानीत एखादी सूचना द्यायची, मग विचारायची, "समजलं?" की सव्वीसच्या सव्वीस मुलं एका झटक्यात उठून उभी राहायची आणि खणखणीत आवाजात म्हणायची, "वाकारिमाशिता!" म्हणजे समजलं. मी एकदा तिचा डबा द्यायला गेले होते तेव्हा ते पाहिलं. खिडकीची काच हादरली. बाहेरून पाहुणे आले की संस्थेचे चालक त्यांना हमखास याच वर्गात आणायचे, आणि पाहुणे वाहवा करून जायचे.

जपानी शिकवणाऱ्यांची दरवर्षी एक परिषद भरते. आपण केलेला अभ्यास, आपल्या वर्गातले प्रयोग तिथे एकमेकांसमोर मांडायचे. सहा वर्षांपूर्वी वहिनीने तिथे ही पद्धत मांडली. तिला 'तत्पर प्रतिसाद' असं भारदस्त नावही दिलं. टाळ्या पडल्या. इतर गावांतल्या शिक्षकांनी पद्धत उचलली. तिच्या पुस्तिकेच्या तीनशे प्रती मीच काढल्या आणि मीच शिवल्या. मला ती सगळी कवायत वाटली होती. पण मला जपानीतलं ओ की ठो कळत नाही, म्हणून मी गप्प बसले. मी गप्प बसले ही घटना आमच्या घरात फार क्वचित घडते.

त्या सव्वीस जणांत एक मुलगी होती. चणीने लहान, चालायला चपळ, कायम दुसऱ्या बाकावर. सगळे तिला खारूताई म्हणायचे. माझ्या दुकानात नोट्स घ्यायला यायची तेव्हा पानांचे कोपरे दुमडले तर नाहीत ना, हे पाहून मगच पिशवीत घालायची. ती परीक्षेत पहिली आली, जपानला गेली, आणि चौथ्या महिन्यात परत आली.

झालं ते असं. गिळायला त्रास होणाऱ्या म्हाताऱ्यांना पाणी किंवा चहा तसाच द्यायचा नसतो. त्यात एक पावडर घालून तो घट्ट करून द्यायचा, नाहीतर तो घशातून चुकीच्या वाटेने फुप्फुसात जातो. एका सकाळी पाळी बदलताना मोठ्या नर्सने भराभर दहा-बारा सूचना वाचून दाखवल्या. अमक्या आजोबांचा चहा आजपासून घट्ट, ही त्यांतलीच एक. शेवटी तिने विचारलं, समजलं ना? खारूताई ताठ उभी राहिली आणि सगळ्यांत आधी म्हणाली, "वाकारिमाशिता!" दहा वाजता तिने आजोबांना साधा चहा दिला. आजोबा वाचले, पण अकरा दिवस दवाखान्यात होते. आश्रमाने तिला कागद देऊन घरी पाठवलं. कागदावर लिहिलं होतं, निष्काळजी.

वहिनी तिच्या घरी जाऊन आली. आली ती थेट माझ्या दुकानात, आणि काउंटरच्या आतल्या स्टुलावर बसली. गिऱ्हाईक होतं म्हणून मी बोलले नाही. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाली, "ती आता औषधांच्या गोदामात खोकी भरते. माझ्याशी नीट बोलली. पाणी दिलं. मला म्हणते, सेन्सेई, तुमची काही चूक नाही. मला विचारायचं सुचलंच नाही. दुसऱ्या कुणालाही सुचलं असतं. मी तशीच आहे." जपानी शिकणारी मुलं आपल्या शिक्षकांना सेन्सेई म्हणतात.

"मग? तिचं तीच सांगतेय ना," मी म्हणाले. मला वहिनीचा चेहरा बघवत नव्हता, म्हणून बोलले.

"त्या सकाळी तिने जे उत्तर दिलं ना," वहिनी म्हणाली, "ते माझ्या वर्गात पहिला नंबर मिळवणारं उत्तर होतं."

संस्थेने जाहिरातीसाठी वहिनीच्या तासांचं चित्रीकरण करून ठेवलं होतं. खारूताईच्या तुकडीचे असे अकरा तास होते. फळ्याच्या बाजूला कोपऱ्यात कॅमेरा, समोर अख्खा वर्ग. वहिनीने ते मागून घेतले. तिच्या घरी कॉम्प्युटर नाही, म्हणून दुपारी दोन ते चार, जेव्हा माझ्याकडे गिऱ्हाइकांची वानवा असते, तेव्हा ती दुकानात येऊन बघत बसायची. काय बघतेस विचारलं तर म्हणायची, माहीत नाही. पहिला महिना तिने नुसते चेहरे पाहिले. दुसऱ्या महिन्यात एका दुपारी तिने चित्र थांबवलं, मागे नेलं, परत चालवलं, परत मागे नेलं. मग मला हाक मारली.

"इकडे ये. या मुलाच्या हाताकडे बघ."

तिसऱ्या बाकावरच्या एका मुलाचा हात बाकावरून उठत होता. खांद्यापर्यंत आला. तेवढ्यात चित्रातली वहिनी म्हणाली, "समजलं?" वर्ग धाडकन उठला, आणि तो हात वाटेतच वळून मांडीला चिकटला. मुलगाही उभा राहिला आणि सगळ्यांबरोबर ओरडला.

मी थक्क झाले. तो तुकडा पाच सेकंदांचाही नव्हता. इतकी वर्षं ती त्या हातांसमोर उभी होती, पाहुण्यांनी ते पाहिले होते, चालकांनी पाहिले होते, डबा घेऊन मीही पाहिले होते, आणि कुणालाच काही दिसलं नव्हतं.

त्या दिवसापासून वहिनी अर्ध्यावर राहिलेले हात मोजायला लागली. तिने मलाही कामाला जुंपलं. संशोधनात म्हणे मोजणारे दोघे लागतात, एकमेकांचं न बघता मोजणारे, म्हणजे एकाच्या मनातलं आकड्यात शिरत नाही. मी म्हणाले, "अगं, मला त्यातलं काय कळतंय?"

"काही कळत नाही म्हणूनच तू हवीस. मी ऐकायला लागते. तू नुसते हात बघ."

आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या अडाणीपणाला मागणी आली. मी खुर्ची ओढून बसले.

पहिल्या खेपेला तिचे बासष्ट भरले, माझे एकाहत्तर. मी डोकं खाजवणारेही धरले होते. मग तिने नियम केला: कोपर बाकावरून सुटलं तरच हात, नाहीतर नाही. आम्ही सगळे अकरा तास पुन्हा पाहिले, ती दुपारी, मी सकाळी दुकान झाडून झाल्यावर. या खेपेला तिचे बासष्टच, माझे त्रेसष्ट. आम्ही दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. माझ्याकडे जास्तीचा होता तो सातव्या तासाचा, एकतिसाव्या मिनिटाचा.

वहिनीने तो नऊ वेळा पाहिला. "कानातलं नीट करतेय गं ती," म्हणाली.

"कोपर बघ."

"बाकावरच आहे."

"वहिनी, नियम तुझाच आहे. पट्टी आण."

तिने माझी स्टीलची पट्टी पडद्यावर बाकाच्या कडेला आडवी धरली आणि मी चित्र एकेक चौकट पुढे सरकवलं. कोपर पट्टीच्या वर आलं. नीट दोन बोटं वर आलं. मग "समजलं?" आणि मग खाली. ती दुसऱ्या बाकावरची मुलगी होती, खारूताई. वहिनीने पट्टी खाली ठेवली आणि आवाज मोठा केला. तो तास घट्ट चहाचा होता. पावडर किती, कुणाला, का, हे सगळं चित्रातली वहिनी जपानीत सांगत होती आणि मला कळत नव्हतं. वहिनीने ते मला आपल्या भाषेत सांगितलं आणि रडायला लागली. दादाला मी फोन करून बोलावून घेतलं, कारण मला काय करावं सुचेना.

दुसरं कुणी असतं तर तिथेच थांबलं असतं. मी तरी थांबले असते. एका मुलीचं नुकसान झालं, वाईट वाटलं, पुढच्या तुकडीला जरा प्रेमाने शिकवलं, मिटलं. वहिनीने दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन फळ्याचा उजवा तिसरा हिस्सा रेघ मारून वेगळा केला आणि वर लिहिलं, 'आज न कळलेलं'. "समजलं?" हा प्रश्न स्वतःपुरता बंद केला. सूचना दिली की कुणी उभं राहायचं नाही, ओरडायचं नाही. आपण आधी काय करणार हे शेजाऱ्याला सांगायचं, आणि जे अडलं ते उठून त्या हिश्श्यात लिहायचं. तास संपेपर्यंत तो भाग पुसायचा नाही.

पहिले दोन आठवडे तो भाग कोरा. कुणी उठेना. कसे उठतील? मग वहिनी स्वतः खडू घेऊन गेली. एका आश्रमाकडून आलेल्या पत्रातली एक ओळ तिने तिथे लिहिली आणि मुलांना सांगितलं, "एकवीस वर्षं शिकवतेय, आणि ही ओळ मला कळलेली नाही. तुम्हाला कुणाला कळते का बघा." दुसऱ्या दिवशी दुसरी ओळ. तिसऱ्या दिवशी तिसरी. मला हे सांगताना ती हसत होती, पण कान लाल झाले होते. एका आठवड्यानंतर मागच्या बाकावरचा एक आडदांड मुलगा, ज्याला वर्ग पैलवान म्हणायचा, तो उठला आणि त्याने एक शब्द लिहिला. इतका बारीक लिहिला की वहिनीला चष्मा लावून जवळ जावं लागलं. त्याच्यामागून तिघे उठले. महिन्याभरात तो हिस्सा पुरेना आणि रेघ डावीकडे सरकवावी लागली.

सात महिने तिने हे केलं, आणि मोजलंही. जुन्या तुकडीच्या परीक्षेत सव्वीस जणांना तोंडी सूचना दिल्या होत्या. सव्वीस जण समजलं म्हणाले होते, आणि काम नीट केलं होतं नऊ जणांनी. नव्या तुकडीत चोवीस जण. त्यांतले सतरा पहिल्यांदा म्हणाले, आम्हाला नाही समजलं. आणि शेवटी बावीस जणांनी काम नीट केलं. नऊ आणि बावीस, हे दोन आकडे शेजारी शेजारी छापलेलं पान मशीनमधून बाहेर आलं तेव्हा मी ते गरम गरम हातात धरून बराच वेळ उभी होते.

हे तिने परिषदेला पाठवलं आणि ते मंजूर झालं. आता गंमत बघा, चालकांना ते कळलं माझ्यामुळे. ते संस्थेची पत्रकं घ्यायला दुकानात आले. पत्रकावर नेहमीचा फोटो, उभा राहिलेला वर्ग, सगळ्यांची तोंडं उघडी. आणि मी वेंधळी, वहिनीच्या निबंधाच्या प्रती तिथेच काउंटरवर ठेवून शाईची डबी आणायला आत गेले. बाहेर आले तर ते वाचत होते. वहिनी दारात.

"मॅडम," ते म्हणाले, "सहा वर्षांपूर्वी याच मंचावर तुम्ही ही पद्धत मांडलीत."

"हो. म्हणून याच मंचावर परत जायचं आहे."

"लोक हसतील तुम्हाला."

"हसू देत."

"बरं, इतक्या वर्षांत एका तरी मुलाने सांगितलं का, की पद्धत चुकीची आहे?"

"कसं सांगतील?" वहिनी म्हणाली. "मीच त्यांना समजलं म्हणायला शिकवलंय."

त्यांनी निबंध मिटून काउंटरवर ठेवला. वाईट माणूस नव्हता तो, पण त्याची सगळी दुकानदारी त्या फोटोवर उभी होती. मग म्हणाले, "पुढच्या वर्षी तुम्हाला मुख्य शिक्षिका करायचं ठरलं होतं. तुम्ही हे वाचलंत, तर सोमवारी वर्गावर यायची तसदी घेऊ नका." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "पत्रकं?"

"उद्या या. मशीन गरम झालंय," मी म्हणाले. मशीन ठणठणीत होतं.

त्यानंतर वहिनी पुन्हा खारूताईच्या घरी गेली. चित्रीकरणातले तुकडे दाखवायचे तर त्यातल्या प्रत्येकाची परवानगी लागते. चेहरे दिसणार नाहीत, फक्त हात दिसतील, असं त्या कागदावर लिहिलं होतं. खारूताईने कागद घेतला, न वाचता सही केली आणि म्हणाली, समजलं. वहिनीने तो कागद तिच्यासमोर फाडला. दुसरा काढला. म्हणाली, "काय समजलं ते सांग, मगच सही कर." मुलीने वाचलं. हात दिसतील, तोंड नाही, नाव नाही, नको असेल तर नाही म्हणता येईल, असं एकेक म्हणून दाखवलं आणि सही केली. वहिनी पुढे काही सांगणार तेवढ्यात म्हणाली, "सेन्सेई, माझी समजूत काढायला काही सांगू नका. तुम्ही चांगल्या आहात म्हणून सांगाल. मला नको ते." वहिनी परिषदेची पत्रिका तिथे ठेवून परत आली.

"मग सांगितलं का नाहीस, तो हात तिचा आहे म्हणून?" मी भडकलेच.

"माझ्या तोंडून तिला ते खरं वाटलं नसतं. तिने स्वतः बघायला हवं. येईल की नाही, देव जाणे."

परिषदेत प्रत्येकाला वीस मिनिटं असतात. पंधराव्या मिनिटाला एक घंटा, म्हणजे आवरतं घ्या. विसाव्याला दोन, म्हणजे थांबा. मग प्रश्नांना पाच मिनिटं, आणि शेवटी तीन घंटा. दादाने आठ दिवस जेवणाच्या टेबलापाशी पेल्यावर चमचा वाजवून सराव करून घेतला. तो इतका रंगून जायचा की एकदा चौदाव्या मिनिटालाच वाजवला आणि वर म्हणाला, "तुझं घड्याळ मागे आहे."

सभागृह उतरत्या पायऱ्यांचं होतं. दीड-दोनशे शिक्षक. पहिल्या रांगेत जपानहून आलेल्या एक वयस्क प्राध्यापिका, पांढरे केस, मांडीवर वही. मी आणि दादा मधल्या रांगेत. वहिनीने नेहमीची निळी साडी नेसली होती, आणि पहिल्या वाक्याला तिचा आवाज कापला. मी दादाचा हात धरला.

तिने आधी तो सहा वर्षांपूर्वीचा फोटो दाखवला. म्हणाली, "ही पद्धत मी इथे मांडली होती. तुमच्यापैकी काहींनी ती घेतली. आज ती परत मागायला आले आहे." सभागृहात कुजबुज झाली. मागे कुणीतरी हसलंही. मग तिने हात दाखवायला सुरुवात केली. एकामागून एक. चेहरे पुसलेले, फक्त बाक, बाह्या, हात. उठतो, थांबतो, पडतो. उठतो, थांबतो, पडतो. दहाव्या-बाराव्या हातानंतर कुजबुज थांबली. माझ्यापुढे बसलेल्या एका शिक्षिकेने तोंडावर हात धरला. दोन वर्षं मी ते हात मोजले होते, तरी त्या दिवशी माझ्या अंगावर काटा आला. आपण केलेली सगळ्यांत मोठी चूक दीडशे माणसांसमोर पडद्यावर लावायची, आणि ती नीट दिसावी म्हणून काठीने दाखवायची, हे मला सात जन्मांत जमलं नसतं.

मग तिने चहाची हकिगत सांगितली, नाव न घेता. शेवटी एकच हात ठेवला होता. "हा त्रेसष्टावा," ती म्हणाली. "हा मी दोनदा चुकवला. एकदा शिक्षिका म्हणून वर्गात. एकदा संशोधक म्हणून पडद्यावर. तो पाहिला माझ्या नणंदेने, जिला जपानी येत नाही." लोक वळून बघायला लागले तेव्हा मी खाली वाकून पर्समध्ये काहीतरी शोधलं. नव्या फळ्याचं तिने सांगितलं, दोन आकडे दाखवले, आणि दोन घंटा झाल्या.

अध्यक्षांनी विचारलं, प्रश्न? मग पहिल्या रांगेतल्या प्राध्यापिकांनी काहीतरी विचारलं. दादाने शेजारच्याकडून अर्थ विचारून मला सांगितला: त्या त्रेसष्टाव्या हाताचं पुढे काय झालं?

वहिनी म्हणाली, "ते सांगायचा हक्क तिचा आहे."

तेवढ्यात सगळ्यांत मागच्या पायरीवर कुणीतरी पुढे आलं. खुर्च्या रिकाम्या असूनही ती मुलगी दाराशी उभी राहूनच ऐकत असणार, कारण तिच्या खांद्याला अजून पिशवी होती. तिने जपानीत बोलायला सुरुवात केली, थांबली, आणि आपल्या भाषेत म्हणाली, "सेन्सेई, तो शेवटचा तुकडा परत लावाल?"

वहिनीने लावला. खारूताई एकेक पायरी उतरत पडद्यापाशी आली. पिवळ्या स्वेटरची बाही, मनगटापाशी हिरव्या लोकरीने विणून लांबवलेली. कोपर सुटतं, हात वर येतो, थांबतो. तीन घंटा झाल्या. कुणी जागचं हललं नाही.

"ही बाही माझ्या आईने लांबवली होती," ती म्हणाली. "ही मी आहे."

"हो."

"आणि धडा?"

"ऐक ना," वहिनी म्हणाली आणि आवाज मोठा केला.

खारूताईने ऐकलं. तिचे ओठ त्या शब्दांबरोबर हलत होते. मग ती वहिनीकडे वळली, आणि इतक्या लांब बसूनही मला तिचं बोलणं स्पष्ट ऐकू आलं.

"म्हणजे मला सुचलं होतं."

"सुचलं होतं, बाळा. मी बघितलं नाही."

मुलगी परत पडद्याकडे वळली. "अजून एकदा लावा," ती म्हणाली, आणि वहिनीने लावलं.